अडीच शंकूंची ज्वारी

पुठ्ठ्याच्या मॉडेलांनी माझी कशी फजिती केली, ऐका. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "आज जमलं न्हाई, तर उद्यापासून मुकाट्यानं फळ्यावर शिकवा."

वर्गात येऊन बसलेल्या हेडमास्तरांकडे वळून मी समजावत होतो, "शंकू आणि डबा, तोंड सारखं, उंची सारखी. तीन शंकू ज्वारीत डबा भरतो." मागं नववीतली सुनीता ओतत होती. अडीचमध्येच डबा भरला!

मी चक्रावलो. पुठ्ठा मोजला, सूत्र तपासलं. सगळं बरोबर.

"सुनीता, पुन्हा भर बरं."

तिनं शंकूच्या तोंडावर ज्वारीचा उंच ढीग रचला.

"अगं, सपाट भर ना!"

"काहून, सर? शीग लावल्याबिगर माप देतेत व्हय कुठं? आजी रागावती."

हेडमास्तर हसत उठले. "मॉडेल चालू ठेवा, सर. कंजूष तुमचं सूत्र हाय, पुठ्ठा न्हाई."