उंदराने कुरतडलेला ड्रम

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शहर बससेवेचे सन्माननीय महाव्यवस्थापक. व्यासपीठावरचे आगारप्रमुख आणि युनियनचे अध्यक्ष. ज्यांच्यासाठी आपण सगळे ड्यूट्या बदलून इथे जमलो ते सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे साहेब. पहिल्या रांगेत बसून मघापासून मला ‘आटोपशीर बोल’ असं खुणावणाऱ्या वहिनी. आणि समोर बसलेले चालक, वाहक, वर्कशॉपमधले आणि कार्यालयातले माझे सगळे बंधुभगिनी,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शिस्तीबद्दल, वक्तशीरपणाबद्दल, डब्यातली भाजी सगळ्यांना वाटण्याबद्दल इतकं सांगितलं की माझ्या वाट्याला काही शिल्लकच ठेवलं नाही. तेव्हा मी कार्यालयाबद्दल बोलणारच नाही. मी एका रविवाराबद्दल बोलणार आहे.

पण पाहुण्यांसाठी एवढं सांगायला हवं, की आमचं खातं म्हणजे ‘हरवलं-सापडलं’. बसमध्ये विसरलेली प्रत्येक वस्तू शेवटी आमच्या तळघरात येते. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर अख्खी कवळी आली होती. वस्तू न्यायला माणूस आला की साहेब काउंटरमागून दोनच शब्द बोलतात, “खूण सांगा.” वस्तू दाखवायची नाही. आधी मालकालाच ठाऊक असेल अशी खूण सांगायची, मग वस्तू. अध्यक्षमहोदय, आपली छत्रीसुद्धा एकदा आमच्याकडे आली होती आणि आपणही खूण सांगूनच ती नेलीत. हसू नका, मी तिथे हजर होते!

तर अशा या करड्या शिस्तीच्या माणसाला एक वेड आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. साहेबांना जुन्या ड्रमचं वेड आहे. ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे बसून काठ्यांनी वाजवतात ना, तो ड्रमसेट. फार वर्षांपूर्वी एक जुनं नाचघर पाडलं, तेव्हा तिथल्या अडगळीतून साहेबांना दोन ड्रम मिळाले. एक मांडीवर मावेल असा, दुसरा तीन पायांवर उभा राहणारा. निळे, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे, आणि त्यावर तिरका रुपेरी पट्टा. पायाने वाजवायचा मोठा ड्रम मात्र नव्हता. तेव्हापासून साहेब त्या हरवलेल्या तिसऱ्याला शोधताहेत. दुसऱ्यांच्या वस्तू शोधून देण्यात जन्म गेला आणि स्वतःचीच सापडेना, आता काय म्हणावं!

त्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी ड्रम. तीन पायांच्या ड्रमचं वरचं कडं काढायचे, कातडं बाजूला करायचे आणि लाकडाच्या काठावर बोट ठेवून म्हणायचे, “बघा, बघा मेल्या उंदराने काय केलंय! इतकं उत्तम लाकूड, आणि कुरतडलंय!” खरंच तिथे बारीक दातांच्या खुणा होत्या. त्या अज्ञात उंदराला साहेबांनी इतक्या शिव्या घातल्या आहेत की तेवढ्या आपल्या खात्यात कुणालाच मिळालेल्या नाहीत.

दरवर्षी शेजारच्या शहरात जुन्या आणि हौसेने घडवलेल्या ड्रमचं प्रदर्शन भरतं. यंदा वहिनींनी हात जोडले. “मागच्या वर्षी तीन दिवस माझे कान घुमत होते,” म्हणाल्या, “मी येणार नाही.” साहेबांना गाडी येत नाही. बससेवेत हयात गेली, पण स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मग मी निघाले. खरं सांगते, उपकार करायला निघाले होते. मनात म्हटलं, ढोल बघायला रविवार वाया घालवणारी मीच एक.

आणि आत पाऊल टाकलं, तर काय सांगू तुम्हाला! एका प्रचंड दालनात टेबलंच टेबलं आणि टेबलांवर ड्रमच ड्रम! लाल चकाकीचे, सोनेरी, हिरव्या काचेसारखे आरपार दिसणारे. एका सुताराने एकाच झाडाचं खोड आतून कोरून ड्रम केला होता, त्याच्यावर टिचकी मारली तर माझ्या छातीत घुमलं. एकाने पितळी ड्रमवर हाताने वेलबुट्टी कोरलेली. आणि माणसं! चांगली पोक्त, सुटाबुटातली माणसं टॉर्च घेऊन ड्रममध्ये डोकं घालून बसलेली. आतला शिक्का बघतात, लाकडाचे थर बघतात, आणि काय सांगू, वास घेतात! डोळे मिटून जुन्या लाकडाचा वास घेतात आणि एकमेकांकडे बघून माना डोलावतात. सुरुवातीला मी तोंडावर रुमाल धरून हसले. तासाभराने बघते तर मीही एका ड्रममध्ये डोकं घातलेलं. चष्मा आतच पडला.

भिंतीवर पाटी होती, ‘कृपया हळू वाजवा’. ती कुणी पाळत नव्हतं. दुपारी आयोजकांनी माइकवरून सांगितलं की आता सगळ्यांनी मिळून एक मिनिट हवं तसं वाजवा. बंधुभगिनींनो, तो आवाज! जमीन हलत होती, खिडक्या हलत होत्या, माझ्या हातात कुणीतरी काठ्या दिल्या आणि मी, आयुष्यात दारावरच्या थापेपलीकडे काही न वाजवलेली मी, घामाघूम होईपर्यंत बडवत होते. आमचे साहेब, जे फाइल मोठ्याने आपटली तरी वर बघतात, ते लहान मुलासारखे ओरडत होते.

आवाज थांबला, आणि त्या शांततेत साहेबांनी माझं मनगट धरलं. “तिकडे बघ,” म्हणाले.

कोपऱ्यात एका ट्रॉलीवर मोठा निळा ड्रम होता. तोच शिंपल्याचा रंग, तोच तिरका रुपेरी पट्टा. समोरच्या कातड्यावर तळ्याचं आणि होडीचं चित्र, आणि आत दिवा लावलेला, त्यामुळे तळं उजळलेलं. पूर्वी कातडं दमट हवेत सैल पडू नये म्हणून आत दिवा ठेवायचे, हे साहेबांनी मला धावता धावता सांगितलं. हो, धावता धावता! ट्रॉलीशेजारी पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या, पडदे शिवण्याचं दुकान चालवणाऱ्या. आणि त्यांच्या पायाशी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘विकायचा नाही. बाकीचे दोन शोधते आहे.’

साहेबांनी खिशातून त्यांच्या दोन ड्रमचा फोटो काढला. पण दाखवला नाही. सवय, दुसरं काय! फोटो तळहाताखाली झाकला आणि अगदी काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, “खूण सांगा.”

बाई जराही गोंधळल्या नाहीत. म्हणाल्या, “माझे वडील नाचघरात वाजवायचे. तिथेच वाजवणाऱ्या त्यांच्या मित्राने दोन ड्रम चार दिवसांसाठी म्हणून नेले, ते नेलेच. हा मोठा तेवढा राहिला, कारण त्यातल्या दिव्याशिवाय मी झोपायची नाही. खूण विचारताय ना? तीन पायांचा आहे ना, त्याचं कातडं काढून बाबा मला त्यात बसवायचे आणि शेजारी बसून रियाज करायचे. मला दात येत होते. लाकडाच्या काठावर, आतल्या बाजूला, माझे दात उमटलेत. आई सांगायची, काढायला गेलं की भोकाड पसरायची मी.”

मी साहेबांकडे बघितलं. बघवेना.

विचार करा. बाईंनी फोटो बघितला नव्हता. दातांच्या खुणा फोटोत दिसतही नव्हत्या. नियम आमच्या तळघराचा होता, आणि आम्ही त्या दिवशी तळघरात नव्हतो. ‘नाही हो, आमचे वेगळे’ एवढं म्हणून साहेब वळले असते, तर जगात कुणाला कळलं असतं? मला. पण माझीही छाती नव्हती बोलायची. कारण मला ठाऊक होतं, त्या दोन ड्रमना या माणसाने किती जीव लावलाय. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसून मगच जेवायला बसायचे. आपण असतो तर काय केलं असतं? मी तर बहुतेक वळले असते, उगाच कशाला खोटं बोलू.

साहेबांनी तळहात बाजूला केला. मग फोटो सुलटा करून बाईंच्या हातात दिला आणि हात जोडले. म्हणाले, “बाई, मला क्षमा करा. इतकी वर्षं मी तुम्हाला उंदीर समजून शिव्या देतोय.”

बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदमच सुरू झालं. आजूबाजूला गर्दी जमली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिथे टाळ्यासुद्धा तालात वाजवतात, तेही त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही ड्रम बाईंच्या घरी पोचवले. वहिनीही आल्या, कानात कापूस घालून. तिन्ही ड्रम मांडले, तळ्यातला दिवा लावला. बाईंना वाजवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी साहेबांना बसवलं. मला वाटलं होतं, आता हा माणूस मोडून पडणार. आणि ते वाजवू लागले! छोटा बोलला की मोठा उत्तर द्यायचा, तीन पायांचा मध्येच तक्रार करायचा. काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या. वहिनींनी हळूच कापूस काढलेला मी पाहिला. वहिनी, नाही म्हणू नका!

परतताना मागची सीट रिकामी होती. साहेब खिडकीबाहेर बघत होते, नाक ओढत होते. मला राहवलं नाही. विचारलं, “साहेब, फार वाईट वाटतंय का?”

माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भलतंच बोलले. म्हणाले, “वाईट? अगं, इतकी वर्षं काय शोधत होतो मी? सेट पूर्ण झाला ना! मग? कुणाच्या घरात झाला, हा निव्वळ पत्त्याचा प्रश्न आहे.”

आणि मग मात्र ते घर येईपर्यंत रडत होते, आणि गाडी चालवता चालवता मीही.

अध्यक्षमहोदयांनी मला वेळ दिला, आपण सर्वांनी चहा थंड होत असूनही ऐकून घेतलं, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही उणं-अधिक निघालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि साहेब, ही गोष्ट खात्यात कुणालाही सांगायची नाही, असं तुम्ही मला बजावलं होतंत. मी भर सभेत सांगितली. सोमवारपासून माझ्यावर रागवायला तुम्ही कार्यालयात नसाल. तेव्हा काय रागवायचं ते आत्ताच रागवून घ्या. मी इथेच उभी आहे.