उंदराचं गणित

पाथरीच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघत होतो. पलीकडच्या बाकावर पुण्याला शिकणारी एक पोरगी, तिची काकू आणि दोघींच्या मधे पोरीची आई, नजर जमिनीला लावून.

“पुण्याला नेमकं काय करायलीस गं, हेमा?”

“मेंदूत रसायनं असतात, काकू. ती कशी कमीजास्त होतात, त्याचं गणित मांडते.”

“मंग तुझ्या मायचं मांड की! कवाची गप बसलीय.”

“माणसाचं अजून जमत नाही. आधी उंदराचं.”

“उंदराचं! आन् उंदराला कशाचं दुखणं?”

“त्याला कोंडतात. आधी धडपडतो. सुटका नाही हे कळलं की कोपऱ्यात गप बसतो. तेव्हा मेंदूत काय घटतं, ते मी समीकरणात बसवते.”

“ह्याला शिक्षण म्हणतेत? कोंडलं की गप बसतंय, हे आमच्या म्हशीला बी मालूम हाय. तुझी माय लय वरडायची. तुझे काका म्हणले, पाव्हण्यारावळ्यांत इज्जत जायलीय. माजघरात घातली, भायेरून कडी लावली. चार दिसात गार! कुठं लागलं गणित?”

“कडी लावली?”

“मंग काय, मिरवायची व्हती?”

“आता गार झालीय, तर तिला परभणीला डॉक्टरकडं कशाला नेतोय?”

“कडी काढली तरी भायेर येईना, बाई. घरचं धुणं-पाणी कुणी करायचं?”