सतरा नंबरची तुळई

आई : निळा शर्ट नको म्हणता, पांढरा नको म्हणता. अहो, उद्या पुलावर तुमच्या नावाची पाटी लागणार, आणि तुम्ही काय बनियनवर जाणार?

बाबा : मी जाणारच नाहीये. गुडघे दुखतात.

आई : दरवर्षी पुलाला भेटायला जाताना बरे नाही दुखले ते. थोरल्या लेकीच्या घरी जावं तसे जायचात.

बाबा : गेली दोन वर्षं गेलोय का?

लेक : आई, शर्ट ठेव तिथे. मला बाबांशी बोलायचंय. कालच्या तपासणीचं.

आई : बोला. काल पुलावरून आल्यापासून हिचंही तोंड एवढंसं झालंय. मी इस्त्री तापवते.

(आई आत जाते.)

लेक : पुरात नदीवरचे बाकी दोन्ही पूल गेले, बाबा. तुमचा तेवढा उभा आहे, म्हणून तर ही पाटी. आमच्या पूल तपासणीच्या ऑफिसात सगळे म्हणतात, गंजू नये म्हणून लोखंड जस्तात बुडवावं तर तुझे वडील मुकादम होते त्या भट्टीत.

बाबा : लोकांच्या जिभेला काय हाड असतं?

लेक : काल शिडी लावून पुलाखाली गेले. सतरा नंबरच्या तुळईवर गंज सापडला. कुठे, किती, काहीच विचारत नाही तुम्ही?

बाबा : विचारून काय करू?

लेक : गंजाचा आकडा होता. एक आणि सात. साताची शेपटी खाली लांब ओढलेली. माझ्या शाळेच्या वह्यांवर तुम्ही घालायचात तशी.

बाबा : ती तुळई बुडवायची त्या दिवशी नंबर टाकायचा खडू संपला होता. मी ऑइल पेंटने नंबर टाकला. सगळ्यांना मीच ओरडायचो, की अ‍ॅसिडमध्ये हा रंग निघत नाही आणि रंगावर जस्त धरत नाही. तुळई टाकीतून वर आली ती चकचकीत. मधे माझा आकडा तेवढा काळाठिक्कर.

लेक : मग परत बुडवायची होती.

बाबा : सगळं जस्त उतरवून परत बुडवायला दोन दिवस गेले असते. ट्रक दारात उभा होता. चंदेरी रंग फिरवला आणि दिली पाठवून. तपासायला आलेल्याने मला विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, मुकादमाचा शब्द आहे. त्याने न बघता सही केली.

लेक : म्हणजे दरवर्षी तुम्ही...

बाबा : पिशवीत ब्रश आणि चंदेरी रंग असायचा. वर तुझ्या आईने दिलेला जेवणाचा डबा. तिथे बसून तो घशाखाली उतरायचा नाही, लाज वाटायची. माशांना घालायचो. ते जाऊ दे. पूल धोक्यात आहे का, ते सांग.

लेक : नाही. जाडी मोजली मी. खड्डे पडलेत, पण वेळेवर पट्टी जोडली तर निभावेल.

बाबा : मग लिही तसं. मुकादमाने लबाडी केली, असंही लिही. फोटो असेलच.

लेक : फोटो आहे. त्यात आकडा नाही.

बाबा : नाही म्हणजे?

लेक : आधी पॉलिश पेपरने घासला मी. पार जाईपर्यंत. अहवालात लिहिलंय, पुरातला ओंडका घासला म्हणून जस्त गेलं. नोकरीच्या दहा वर्षांत एक ओळ खोटी लिहिली नव्हती, बाबा. काल लिहिली.

बाबा : माझ्यासाठी.

लेक : वाटलं, एवढी पाटी लागू दे.

बाबा : माझी लाज मी अंगवळणी पाडली होती, पोरी. तुझी मला सोसायची नाही. गेला का अहवाल?

लेक : संध्याकाळी द्यायचाय.

बाबा : फाडून टाक. मी येतो तुझ्याबरोबर तुझ्या साहेबांकडे. गुडघे चालतील तेवढे.

लेक : तुमचं नाव जाईल. आणि मी काय केलं तेही मला सांगावं लागेल.

बाबा : आपापलं आपण सांगू. कागद आण, मी माझ्या हाताने लिहून देतो. त्यात सतराचा आकडा येईलच. तू घासलेला आकडा कसा होता, ते त्यावरून कळेल त्यांना.

आई : (शर्ट घेऊन बाहेर येत) भिंती पातळ आहेत आपल्या. ऐकलं सगळं.

बाबा : अगं...

आई : डबा रिकामा येतो म्हणून मी इतकी वर्षं खूश. निळा शर्ट झालाय, तो घाला. खाली मान घालून उभं राहायचं तरी कपडा धुतलेला असावा.

बाबा : उशीर होईल आम्हाला.

आई : होऊ दे. आज डबा देणार नाही. परत या आणि माझ्यासमोर बसून जेवा.