थाळनेरचा हकीम आणि पान एकशे त्रेचाळीस

...आणि वर मला विचारतात, "सर, तांब्याचं भांडं नसेल तर स्टीलचं चालेल का?" आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? चालेल? पळेल? अहो, कादंबरी आहे ती!

तुम्हाला सांगतो, सात वर्षं घातली मी तिच्यात. चाळीसगावच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, तीस वर्षं पोरं झोपली, म्हटलं रिटायर झालो की असा इतिहास लिहीन की वाचणाऱ्याचा चहा गार झाला पाहिजे... 'थाळनेरचा हकीम'! फारुकी सुलतानांचा काळ, तापीकाठचा किल्ला, आयुष्य वाढवणारा काढा शोधणारा हकीम, मागावर दोन राज्यांचे हेर, पाच खून, एक भुयार, आणि शेवटी काढा पिऊन तीनशे वर्षं जगलेला तो हकीम! आणि पान एकशे त्रेचाळीसवर, उगाच आपली चव म्हणून, काढ्याची कृती दिली. केळीच्या खोडाचं पाणी, कडुनिंबाची साल आणि 'सहस्रजीवी' नावाची वेल. ती वेल मी एका दुपारी ताक पिता पिता जन्माला घातली हो!

लोकांनी काय केलं? बाकीची तीनशे पानं सोडली आणि हे एक पान धरलं. पाच माणसं मारली मी, एकाचं सुतक कुणी पाळलं नाही! शिंदखेड्याहून भिकन नावाच्या वाचकाचा फोन, "सर, पुस्तक बठ्ठं वाची टाकं, एक नंबर शे! पन ती वेल कोठे शे?" मी म्हटलं, "भुयाराचा प्रसंग कसा वाटला?" तर म्हणतो, "भुयारमा भेटी का ती?" अहो, कादंबरी आहे ती!

तेवढ्यात मुक्ताईनगरच्या वाचनालयातून संघमित्राताईंचा फोन. ग्रंथपाल आहेत त्या. "सर, वाचकांना तुमच्यासमोर मतं मांडायचीत." मतं! लेखकाला अजून काय हवं? चाळीसगावहून गाडीनं भुसावळ, तिथून एसटी, नवीन झब्बा घालून हजर. चाळीस खुर्च्या, चाळीसही भरलेल्या! मी मनात म्हटलं, गिरधर, जिंकलास.

पहिला उठला भिकन. हो, तोच! एवढ्या लांबून आलेला, खांद्यावर गोणी. गोणी माझ्या टेबलावर रिकामी केली, हिरवागार वेलांचा ढीग, आणि म्हणतो, "सर, हाई शे का?" सगळी सभा पुढं आली, हुंगतेय, चुरगाळतेय... बकऱ्या खातात तो पाला हो तो! मी सांगायला तोंड उघडलं, तर मागून एक आजीबाई उठल्या. पंचाहत्तरीच्या, काटक, आणि एका म्हाताऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं, चोर पकडून आणावा तसं.

"मास्तर, मी सुगंधाबाई. हे आमचे मालक, जीवरामआबा. केयीचं शेत हाये आमचं. चार महिने झाले, तुमचं पुस्तक वाचलं आन् बीपीच्या गोया बंद केल्या यायनी. रोज सकायी खोडाचं पानी पेतात. पोरं सांगून थकले. आता तुमीच सांगा."

मी चटकन म्हटलं, "आबा, अहो, कादंबरी आहे ती!"

आबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, प्रस्तावनेत तुमीच लिहेल हाये. जुन्या बाडात सापडलं म्हनून."

झालं! लिहिलं होतं हो मी. 'घरी सापडलेल्या एका फारसी बाडाच्या आधारे.' प्रकाशकच म्हणाले होते, "सर, थोडं खरं वाटलं पाहिजे, खप वाढतो." मला फारसी फारशी काय, अजिबातच येत नाही! आता चाळीस माणसं माझ्याकडे बघतायत, संघमित्राताईंच्या हातात माझ्यासाठी आणलेली शाल, आणि समोर गोळ्या सोडलेला म्हातारा. इज्जत वाचवू की माणूस?

उठलो. हात जोडले. म्हटलं, "आबा, बाड नाही. वेल नाही. काढा नाही. त्या पुस्तकात खरं काय असेल तर थाळनेरचा किल्ला आणि तापी. बाकी मी खोटं लिहिलं. गोळ्या घ्या."

भिकन हळूच पाला परत गोणीत भरायला लागला. आबा खाली बघत म्हणाले, "नातीचं लगीन पाह्यचं होतं मास्तर. आठ वर्साची हाये."

मग आबांनी एकदम मान वर केली. "पन मंग मले बरं कावून वाटते? परवा डाक्टरनं बीपी मोजलं, बराबर निंघालं!"

सुगंधाबाई म्हणाल्या, "डाक्टरले इचारून रोज गोई कुटून टाकू राह्यली ना मी त्याच्यात!"

"मंग मले इथं कावून आनलं?"

"कुटून कुटून हात दुखू राह्यले माह्ये!"

हसून हसून खुर्च्या हलल्या. आबा लाजले, कबूल झाले, उद्यापासून सरळ पाण्याबरोबर गोळी. मी सुटलो म्हणून खाली बसतोय, तर आजीबाई उभ्याच! "आता माह्यं मत. सुनेनं वाचून दाखोलं मले बठ्ठं. हकिमाची बायको दुसऱ्याच पाठात मारली तुमी. मंग तीनशे वर्सं त्याले भाकर कोनं टाकली?"

काय सांगू! बायकांच्या बाजूनं अशा टाळ्या पडल्या की बाहेर रिक्षावाले डोकावले. मी आपलं क्षीण आवाजात, "आजी, कादंबरी आहे ती..."

"कादंबरीत भूक लागत नाही का?"

संपलं! शाल अंगावर पडली ती मला कळलीसुद्धा नाही. आणि प्रकाशक काय म्हणतात? "सर, दुसरा भाग! वाचकांचं मत ऐका, बायकोला जिवंत करा!" केली जिवंत. पहिल्याच पानावर तिनं हकिमाला जळण आणायला पाठवलं. आणलं, तर म्हणाली ओलं आहे. गेला बिचारा परत. तुम्हाला सांगतो, तीन प्रकरणं झाली, दोन्ही राज्यांचे हेर झाडाखाली बसून आहेत, आणि मला खून करायला माणूस घरी सापडत नाहीये!