उंबरदऱ्याचा अस्सल भूमिपुत्र

‘जो उंबरदऱ्याच्या मातीत जन्मला, तोच उंबरदऱ्याचा, इतरांनी त्वरित झोपड्या हलवाव्यात.’ — इति ग्रामपंचायतीचा ठराव! किती निर्मळ, किती निःपक्षपाती! मंडळी, ऐका — माणूस कुठला, हे ठरवतं कोण? माती, रक्त, की सरपंच?

जगात याचे मुख्य न्याय दोन. अमेरिकेच्या घटनेत मातीचा न्याय : तिथं जन्मलं, ते तिथलं. जपानात रक्ताचा : आईबापांपैकी एक जपानी हवा, मग बाळ कुठंही रडो! आपल्या देशात आरंभी मातीच पुरेशी होती; पुढे कायदा म्हणाला, आई किंवा बाप भारतीय दाखवा; त्याही पुढे म्हणाला, दोघांतलं दुसरंही चोरवाटेनं आलेलं नको! बाळ तेच, टाहो तोच — प्रश्नपत्रिका मात्र दर पिढीला अवघड! हसता काय? लवकर जन्मलात म्हणून सुटलात!

तर सरपंच आनंदराव झुंजारे. हा सारा तत्त्वविचार त्यांनी एका झोपडीसाठी केला! झोपडी यल्लव्वाची — खाणीवर दगड फोडणारी बाई, नुकतीच बाळंत झालेली. आणि त्याच जागी आनंदरावांना हवी होती स्वनामांकित स्वागत-कमान!

ग्रामसभा भरली. ठराव वाचला गेला. टाळ्या! आनंदरावांना वाटलं, इतिहास आपल्याकडे पाहतो आहे. पाहत होते फक्त ग्रामसेवक. ते म्हणाले, “सरपंच, इथं जन्मलेल्यांना हात वर करायला सांगा. मत त्यांचंच धरायचं ना?”

झाडून सगळे हात वर! तोच आनंदरावांच्या मातोश्री, अनुसयाकाकी, कडाडल्या —

“आन्या, हात खाली घे! पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. तू फलटणला झालास, माझ्या आईच्या माजघरात!”

अरेरे! हात खाली. मग गावातल्या एकेका थोरल्या लेकाला आपलं आजोळ आठवलं — थोरले खाली! सुना तर परगावच्याच — त्या खाली! तरणी पोरं? तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेली — तीही खाली! उरले कोण? पाठचे म्हणून इथंच घरी जन्मलेले तीन धाकटे म्हातारे, आणि यल्लव्वाचं तान्हं. तिच्या वेणांच्या वेळी दवाखान्यात न्यायला गावानं गाडी दिली नव्हती ना! गावाच्याच कृपेनं ते अस्सल उंबरदऱ्याच्या मातीत अवतरलं!

एक धाकटा म्हातारा हर्षभरित झाला. “सरपंच, आमचा थोरला भाऊ अख्खं घर अडवून बसलाय. त्याला आजच हलवा!”

आनंदरावांच्या कानांतून धूर निघायचा बाकी. “दुरुस्ती!” ते ओरडले. “माती रद्द! रक्त! बाप इथला, तोच इथला!”

यल्लव्वा उठली. “सरपंच, तुमचा नातू अमेरिकेत झाला, तिथल्या मातीनं तिथला झाला, म्हणून पेढे वाटलासा. खाणीवर बी आला हुता पेढा. तिकडं माती चालती, मग हितं माझ्या लेकराला का चालंना?”

“आणि रक्ताचं म्हणशील,” काकी म्हणाल्या, “तर तुझा बाप दत्तक आलेला. कोरेगावहून!”

आनंदरावांना तेव्हा कळलं : आपण मातीनं फलटणचे, रक्तानं कोरेगावचे, उंबरदऱ्याचे फक्त सवयीनं!

दुरुस्ती बारगळली; मूळ ठराव मताला टाकला. मतदार चारच! तिन्ही म्हातारे घराच्या आशेनं ठरावाच्या बाजूनं — पण काकींनी एकेकाकडे नुसतं पाहिलं, आणि तिन्ही मतं फिरली. यल्लव्वानं बाळाची मूठ वर धरली. ठराव एकमतानं रद्द! झोपडी जागच्या जागी!

मंडळी, दारातल्या परक्याला ‘कुठला रे तू?’ म्हणून दरडावता ना? त्याआधी स्वतःच्या आईला विचारा, ‘मी कुठला गं?’ आणि उत्तर ऐकायला खाली बसा. सभेनं आनंदरावांना जाब विचारला, ‘असा ठराव सुचलाच कसा?’ त्यावर ते जे बोलले, ते अक्षरही न बदलता सांगतो :

“गावकरी कोण, हे मी ठरवलंच नव्हतं. कोण नको, तेवढंच ठरवलं होतं.”