निळ्या काठाची बशी

—नाही, पेढ्याचा डबा आत नको आणू. गाडीच्या डिक्कीतच राहू दे त्याले. पिक्चरले कुठं बाहेरदेशी बक्षीस भेटलं म्हणून माह्या घरी पेढे? वा वं सोनिका! शूटिंगले नेलेली बशी परत द्याले आली म्हणते ना, तं बशी ठेव अन् जा. थांब, थांब — पायरीवर नको उभी राहू, समोरच्या खिडकीतून सिंधूताई पाहून राह्यली. आत ये. दरवाजा लोटून घे. आता आलीच तं बस तिथं स्टुलावर अन् ऐक. तुमचा पिक्चर मी तोंड शिवून पाह्यला, आता तू माहं ऐक.

काय सांगतलं होतं तू मले? आठवते का? “मावशी, घरगुती पिक्चर आहे, दोन शेजारणींची गोष्ट, जीवाला जीव देणाऱ्या — तुमचं स्वयंपाकघर पाहिजे फक्त.” मी म्हटलं, चांगलं हाय बापा, आजकाल शेजारणीवर कोण पिक्चर काढते! देल्लं घर. तुमच्या त्या पोट्ट्यायनं माह्या चांगल्या रंगवलेल्या भिंतीले काजळी फासली — काहून, तं खरी वाटाले पाहिजे म्हणे. अवं, खरीच तं होती! तरी काही बोलली नाही मी. उलट सगळ्यायले पाटोडीचा रस्सा करून खाऊ घातला. त्या हिरोईनले भाकर थापणं शिकवलं, बोटं भाजली तिची तं तूप लावून देल्लं. अन् तुमी काय केलं? माह्याच चुलीपाशी बसून, माहंच खाऊन, आम्हाले पाहून राह्यले. चोरासारखे. हव, चोरच!

अन् तुमची ती डायरेक्टरबाई, चहासारखी गोड बोलणारी. दुपारचा चहा झाला अन् कुसुम मागच्या दारानं आली, तशी रोजच यायची, मधात हातभर तं बोळ हाय आमच्या दोघींच्या घरात. मी चहा ओतला बशीत, फुंकला, अर्धा पेली, उरलेला तिले देल्ला. झालं. इतकंच. तं तुमची बाई म्हणे, “परत एकदा कराल का? आमच्या मुलींना दाखवायचंय.” कुसुम लाजली. या वयात कानापर्यंत लाल झाली. मले तवाच कळाले पाहिजे होतं ना? पण मी मूर्ख — परत ओतला चहा. परत फुंकला. तिसऱ्यांदा बी केलं. अन् जाताना तुमी बशी बी घेऊन गेले, “मावशी, हीच पाहिजे, टवका उडालेली.”

पिक्चरच्या फुकट पासा बी तूच देल्ल्या, आख्ख्या गल्लीले. ऑटो करकरून गेलो आम्ही. अंकितनं, कुसुमच्या पोरानं, दुकान बंद ठेवलं होतं त्या दिवशी, काकूचं घर पडद्यावर येणार म्हणून! कुसुम अबोली रंगाची साडी नेसली होती, मीच म्हटलं होतं तिले, ती नेस, ती खुलते तुले. बाहेर झेंडेवाले पोट्टे पोस्टरले काळं फासून राह्यले होते, आम्हाले काय माहीत कायचं हाय ते, अंकित म्हणे चला काकू, इलेक्शनचं असन काही. अन् स्वयंपाकघर दिसलं तं आपल्या लोकायनं टाळ्या वाजवल्या — “ते पाहा, गोपिकाबाईचा पाटा!” मंग आली बशी. एकीनं ओतला, फुंकला, अर्धा पेली, दुसरीले देल्ला. सगळे हासले, “अरे, ह्या तं आपल्या काकू!” अंकित हासला. मी बी हासली. कुसुम नाही हासली. अन् मंग त्या दोघीयनं बशी खाली ठेवली अन्... जाऊ दे. तुले माहीत हाय काय केलं ते. मागून कोणीतरी शिट्टी मारली. अन् हासणारे सगळेच्या सगळे वळून आमच्याकडं पाहाले लागले. अंधारात बी कळते वं, कोण पाहून राह्यलं ते.

अंकितनं आईचं मनगट धरलं अन् ओढत नेली. ती उठत नव्हती. खुर्चीचा हात धरून बसली होती घट्ट. एकदा माह्याकडं पाह्यलं तिनं, अन् मी — मी समोर पाहून राह्यली. पडद्याकडं. काय करणार होती मी, सांग ना? गल्ली बसली होती सगळी!

झेंडेवाल्यायचा राग नाही मले. ते कोणाले ओळखत नाही, उद्या दुसऱ्या कोणाच्या दारात ओरडतीन. राग तुमचा हाय. तुमी ओळखत होते आम्हाले. माह्या हातचं जेवले होते. दुसऱ्या दिवशी बशीचा तेवढाच तुकडा कापून गल्लीच्या ग्रुपवर टाकला कोणीतरी, खाली आमच्या दोघींचा गणपतीतला फोटो. अंकितले दुकानावर गिऱ्हाईकं विचाराले लागले, आईच्या पिक्चरचा दुसरा भाग कवा? त्यानं तिले कन्हानले पोचवून देल्लं, पायलच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या घरी. चार दिवसासाठी म्हणे. आंब्याचे दिवस होते तवा, आता संत्री आली बाजारात. मी फोन लावते तं पायल म्हणते, “आई झोपली आहे, काकू.” दुपारी चहाच्या वक्ताले? अवं, आयुष्यात ती बाई कधी दुपारी झोपली नाही! अन् माह्या दारात येऊन अंकित म्हणते, मागच्या दाराले आतून कडी लावत जा. माह्या दाराले! लहानपणी त्याच दारातून नागडा पळत याचा तो माह्याकडं, मार चुकवाले.

काय? काय म्हटलं? त्यात वाईट काय होतं? वाईट म्हणून कोण राह्यलं! आमच्यात काही होतंच नाही तं वाईट कुठून येइन? जुन्या कपबशीच्या सेटमधली एकच बशी उरली होती म्हणून एका बशीत पेत होतो आम्ही, बस. तुमच्या बाईले बी हेच सांगतलं होतं मी... कपाटाकडं काहून पाहून राह्यली? हव, त्या सहा बशा नव्याच हायेत. अंकितनंच आणल्या होत्या, मागच्या नाही, त्याच्या मागच्या दिवाळीले. नाही काढल्या. मी म्हटलं होतं काढते, तं कुसुम म्हणे, “राहू द्या ना, बाई.” मंग राहू देल्ल्या. त्यात काय एवढं?

आमचे हे गेले, चंपतराव, तवा तेरवीनंतर सगळे पाहुणे आपापल्या घरी गेले. ती नाही गेली. मले झोप येत नव्हती म्हणून सतरंजी टाकून शेजारी झोपाची. हात धरून. मले झोप याले लागली तरी येत राह्यली ती — मीच नाही सांगतलं तिले, का आता झोप येते म्हणून. बस. आता आणखी काय पाहिजे तुले? हात धराची, इतकंच होतं, अन् इतकंच नसन तं तुले कायले सांगू? इतकी वर्षं आम्ही एकमेकीले नाही सांगतलं. पाहत सगळेच होते, पण त्याले नाव द्याले कोणापाशी शब्द नव्हता, माह्यापाशी बी नव्हता, म्हणून चालून राह्यलं होतं बापा. अन् तुमी आले, लाईट लावले, अन् सांगून टाकलं आख्ख्या नागपूरले!

अन् सांगतलं तं सांगतलं, बरोबर तरी सांगाचं! आण ती बशी इकडं. हे पाह्य, हा टवका. बोट लाव. लागते ना? कुसुम बशी घेतली का पह्यले फिरवाची. टवक्याची बाजू आपल्याकडं घ्याची, अन् शेवटचा घोट ठेवून तशीच मले परत द्याची, टवका माह्या ओठाले लागू नये म्हणून. रोज. एक दिवस चुकली नाही. तीन डाव आमच्याकडून चहा पाजवून घेतला तुमी, अन् तुमच्या हिरोईनले हे दिसलं नाही? ती तं सीधी तोंडाले लावते! मले इतका राग आला त्या अंधारात — लोकं शिट्ट्या मारून राह्यले अन् मी मनात म्हणून राह्यली, अवं फिरव, बशी फिरव ना पह्यले...

नाही, रडत नाही मी. चूप बस.

अन् तो शेवट! मी बसली होती शेवटपर्यंत, एकटी त्या रांगेत. काय दाखवलं? पोरगा तिले गाडीत बसवून घेऊन जाते अन् ही दारात उभी राहून रडते. अन् झाले लाईट सुरू. अंकितनं तं शेवट पाह्यला बी नव्हता, तरी हुबेहूब तसंच केलं त्यानं! पण मले हे सांग, ही दारात काहून उभी राह्यली? पाय मोडले होते का तिचे? बसा बंद होत्या? जाऊन उभं राहाचं ना त्या पोराच्या दारात, म्हणाचं, बोलाव तिले बाहेर! अशी कशी बाई लिहिली तुमी, नुसती दारात उभी राहते, दिवस-दिवस, कडी काढून ठेवते अन्—

...

काय पाहून राह्यली माह्याकडं?

ऊठ. ऊठ म्हणते ना, मले घराले कुलूप लावाचं हाय. नाही, तुह्या गाडीवर नाही. पिक्चरवाल्यायनं आणून सोडली म्हणतीन. कन्हानची बस भेटते मले, मी माही जाईन. बशी दे. पेपरात गुंडाळून दे, वाटेत फुटाले नको. मागून नाही, समोरूनच जाते, पाहू दे सिंधूताईले. सरक तिथून.