पाच आकडे कुणाचे?

क्रेनवाली : ...आणि घारीनं माझं हेल्मेट उचललं की हो, सिस्टर! मी सोडते की काय? क्रेनची भुजा अशी गर्रकन फिरवली, हूक थेट तिच्या चोचीसमोर. म्हटलं, बाई, हेल्मेट कंपनीचं आहे. मुकाट्यानं दिलं तिनं. म्हणून सकाळी नऊला दाब एकशे अडुसष्ट.

सिस्टर : काकू, नऊला तुमची नाडी एकशे चौदा होती.

क्रेनवाली : घारीची किती असेल, विचार करा!

सिस्टर : तुम्ही शिडी चढत होतात.

क्रेनवाली : ...तेही एक असेल.

सिस्टर : किती पायऱ्या?

क्रेनवाली : दोनशे अकरा. मधे दोनदा दम खाते. लिहू नका ते.

सिस्टर : दोनशे अकरा पायऱ्या चढताना दाब वाढायलाच हवा. पायांना जास्त रक्त लागतं, हृदय जोर लावतं. वर जाऊन बसलात की खाली येतो. साडेनऊला एकशे बावीस, हे बघा. यात घारीचा काही संबंध नाही.

क्रेनवाली : तुम्ही भल्या चांगल्या गोष्टीतली हवाच काढता.

सिस्टर : दंडाला पट्टा बांधला, कमरेला मशीन दिलं. चोवीस तास, दर अर्ध्या तासानं एक आकडा. सोबत वही दिली, त्या वेळी काय करत होतात ते लिहायला. एक ओळ पुरे म्हटलं होतं. तुम्ही कादंबरी लिहून आणलीत.

क्रेनवाली : मग वाचा आवडीनं. पण फिटनेसचा कागद घेतल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठायची नाही. गुरुवारी नाट्यगृहाच्या छपराचा सांगाडा चढवायचाय. अकरा टन लोखंड, एका तुकड्यात! बावीस वर्षं विटा, सळ्या आणि सिमेंट उचललं मी. असलं काम पहिल्यांदा माझ्या वाट्याला आलंय. कागद नसला तर दुसरा ड्रायव्हर वर जाईल आणि मी खालून मान वर करून बघत बसेन. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

सिस्टर : मागच्या आठवड्यात इथं मोजला तेव्हा एकशे बावन्न होता.

क्रेनवाली : तुमचा हा पांढरा कोट बघून! मी जितकी उंच जाते तितका माझा दाब खाली उतरतो. आणखी दहा मजले बांधले ना, तर शून्यावर येईल.

सिस्टर : शून्यावर आला तर कागद दुसरा द्यावा लागेल. चला पुढं. अकरा वाजता वहीत काय आहे... ‘एक ढग आडवा आला, हातानं बाजूला केला.’ खरं काय चाललं होतं?

क्रेनवाली : काचांची पेटी खाली सोडत होते. तिसऱ्या मजल्यावर. वीतभर जागा होती आणि खाली चार माणसं हात वर करून उभी.

सिस्टर : एकशे सोळा, चौऱ्याहत्तर.

क्रेनवाली : म्हणजे?

सिस्टर : म्हणजे झोपलेल्या माणसाचा असावा तसा. नाडीही तुमचीच आहे, ऐंशीच्या आसपास. नवल आहे. ही थाप नाही.

क्रेनवाली : बघा! वजन हुकाला लागलं की माझ्या अंगातला सगळा कालवा थांबतो. सांगते तेव्हा कुणाला पटत नाही.

सिस्टर : ढगाबरोबर सांगितलंत तर कसं पटेल? आता दुपारी एक. एकशे अठ्ठेचाळीस. वहीत ‘चिंतन’.

क्रेनवाली : चिंतनच होतं.

सिस्टर : लघवीला जायचं होतं का?

क्रेनवाली : अगं बाई! हेही त्या मशीनला कळतं?

सिस्टर : मशीनला नाही, मला कळतं. वर सोय नाही, खाली यायला दोनशे अकरा पायऱ्या. तुंबवून बसलं की दाब वाढतो. कधीपासून करताय असं?

क्रेनवाली : बावीस वर्षं. पाणीच कमी पिते.

सिस्टर : ते आजपासून बंद. दुपारी उतरायचं. साहेबांना चिठ्ठी मी लिहून देते. साडेतीन वाजता?

क्रेनवाली : काय लिहिलंय मी?

सिस्टर : ‘नामस्मरण.’ एकशे चौसष्ट.

क्रेनवाली : नामस्मरणच. साइटवरच्या साहेबाच्या सात पिढ्यांचं. खाली उतरल्या उतरल्या मला म्हणतो, अकरा टन बाईच्या भरवशावर सोडायचं म्हणजे मला गोळ्या घ्याव्या लागतील. चारचौघांत! मी म्हटलं, घ्या, आणि पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशात अडकतील. कानशिलं अशी तापली माझी...

सिस्टर : भांडलं की वाढतो, शिडी चढलं की वाढतो, तुंबवलं की वाढतो. थंडीनं वाढतो, आत्ता मोजला तर नुसत्या बोलण्यानंही वाढेल. ही वरखाली चालायचीच. बघायचं ते हे, की कारण संपल्यावर तो खाली येतो का. तुमचा येतो.

क्रेनवाली : मग मारा शिक्का!

सिस्टर : अजून एक राहिलंय. चार वाजता आकडाच नाही. पट्टा सुटला होता. आणि मग साडेचार ते साडेसहा, पाच आकडे. एकशे ब्याण्णव. एकशे चौऱ्याण्णव. एकशे नव्वद. पुन्हा ब्याण्णव, पुन्हा ब्याण्णव. खालचा एकशे बारा. सातला एकदम एकशे अठ्ठावीस.

क्रेनवाली : किती म्हणालात?

सिस्टर : एकशे ब्याण्णव. वहीत ‘झोप’.

क्रेनवाली : ...हां. म्हणजे, त्याचं असं झालं. स्वप्न पडलं मला. क्रेनसकट बुडत होते, समुद्रात, आणि एक देवमासा...

सिस्टर : देवमाशाची नाडी किती होती?

क्रेनवाली : काय?

सिस्टर : दिवसभर तुमची नाडी ऐंशीच्या खाली आलेली नाही. रात्री झोपेतसुद्धा बाहत्तर. या दोन तासांत छप्पन्न. पाचही वेळा. दाब दीडपट आणि नाडी संथ.

क्रेनवाली : मशीन बिघडलं असेल.

सिस्टर : असेलही. चारला चूक दाखवलीच होती. पट्टा नीट बसला नव्हता असं धरलं, तर हे पाच आकडे मी खोडू शकते. उरलेल्यांची सरासरी येते एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. डॉक्टर माझं टिपण बघून सही करतात. कागद तुमच्या हातात.

क्रेनवाली : धरा, धरा! पट्टा सैलच होता. सुतळीसारखा लोंबत होता.

सिस्टर : नक्की?

क्रेनवाली : शपथेवर सांगते.

सिस्टर : बरं. मग हे पाच आकडे कुणाचेच नाहीत. लाल शाईनं रेघ मारते.

क्रेनवाली : मारा... थांबा जरा. सहज विचारते हं. समजा, हे कुणा माणसाचे असते, तर?

सिस्टर : कसा माणूस?

क्रेनवाली : अगदी शांत. नाकावर बसलेली माशीसुद्धा न उठवणारा. घर डोक्यावर घेतलं तरी चहा निवतोय म्हणून सांगणारा. जाड नाही, काही नाही. तसल्या माणसाला दाब कुठून असणार?

सिस्टर : स्वभावाचा आणि दाबाचा करार नाही झालेला, काकू. तुमच्यासारखी आरडाओरडा करणारी बाई दिवसभर वरखाली होते आणि ठीक असते. आणि गप्प बसलेल्या माणसाचा बसल्या जागी एकशे ब्याण्णव असतो. दुखत नाही, खुपत नाही, चेहऱ्यावर दिसत नाही. म्हणून कुणी बघत नाही.

क्रेनवाली : पण त्याला काही होत नसेल तर...

सिस्टर : होतं ते आत. मेंदूच्या नसा, डोळे, मूत्रपिंड. हे आकडे एखाद्याचे असते, तर त्याला मी आज डॉक्टरांनी बघितल्याशिवाय घरी सोडलं नसतं. पण पट्टा सैल होता म्हणालात. मारू रेघ?

क्रेनवाली : सिस्टर.

सिस्टर : बोला.

क्रेनवाली : पेन खाली ठेवा. एक गोष्ट सांगते.

सिस्टर : देवमासा आहे त्यात?

क्रेनवाली : नाही. भांडण झालं, छाती धडधडत होती. मशीनवर आकडा दिसत नाही, पण मला वाटलं आता दोनशे येणार आणि गुरुवार गेला. साइटसमोरच आमच्या ह्यांचं कुलपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नव्हतं, रेडिओ ऐकत बसले होते. मी म्हटलं, एवढा पट्टा बांधून बसा, मी जरा घरी जाऊन पडते. थंड माणसाचे चार आकडे मधे घातले की माझी सरासरी खाली येईल, असा हिशोब. त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही. बाही वर केली आणि दंड पुढं केला.

सिस्टर : दोन तास ते काय करत होते?

क्रेनवाली : काही नाही हो! बसले होते. नुसते बसले होते!

सिस्टर : दोन माणसं मिसळलेल्या कागदावर मला टिपण देता येणार नाही. पुन्हा चोवीस तास. मशीन सोमवारी रिकामं होतंय.

क्रेनवाली : सोमवारी. म्हणजे गुरुवार गेला.

सिस्टर : गेला.

क्रेनवाली : मला माहीत होतं, तोंड उघडण्याआधीच. ते बाहेर बाकावर आहेत. स्कूटरवरून मला घेऊन आलेत. त्यांना स्कूटर चालवू नका म्हणावं का आता? अहो! अहो, आत या! सावकाश या!

नवरा : झालं तुझं?

सिस्टर : या काका. इथं बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीवर, एकावर एक नको. हात टेबलावर सोडा.

नवरा : माझं मोजायचंय?

क्रेनवाली : बसा म्हणतायत ना त्या.

सिस्टर : आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. काकू, तुम्हीसुद्धा.

(पाच मिनिटं जातात. पट्टा फुगतो, हळूहळू उतरतो. क्रेनवाली पदराचं टोक मुठीत धरून बसली आहे.)

सिस्टर : एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा. दुसरा हात द्या... तोच आकडा.

नवरा : जास्त आहे का?

सिस्टर : खूप. छातीत दुखतं? धाप लागते?

नवरा : नाही.

सिस्टर : हातापायात मुंग्या? बोलताना जीभ अडखळते?

नवरा : फारसा बोलतच नाही मी.

सिस्टर : डोकं?

नवरा : सकाळी. मागच्या बाजूला. जड असतं.

क्रेनवाली : कधीपासून?

नवरा : वर्ष झालं असेल.

क्रेनवाली : वर्ष! एका घरात राहतो आपण! एका शब्दानं सांगितलं नाहीत?

नवरा : सांगायला घ्यायचो. तुझी गोष्ट चालू असायची.

क्रेनवाली : मग तोडायची मधे!

नवरा : चांगली असायची गं.

सिस्टर : डॉक्टर शेजारच्या खोलीत आहेत, त्यांना घेऊन येते. घाबरायचं नाही. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, सगळं आजच. गोळी ठरेल ती रोज घ्यायची. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तोवर इथून हलायचं नाही.

क्रेनवाली : कोण हलतंय. आणि सिस्टर, बाहेरच्या फोनवरून तेवढं साइटवर कळवा. गुरुवारी दुसरा ड्रायव्हर बघा म्हणावं.

सिस्टर : कारण विचारतील.

क्रेनवाली : खरं ते सांगा. पट्टा दुसऱ्याला बांधला म्हणून.

नवरा : अगं, छपराचं काम तुझं ना? इतके दिवस वाट बघत होतीस.

क्रेनवाली : चढेल ते छप्पर. कुणीतरी चढवील. तुम्ही सांगा. पहिल्यांदा कधी जड झालं डोकं? काय करत होतात? सगळं सांगा, पहिल्यापासून.

नवरा : लांबेल.

क्रेनवाली : लांबू दे.